दुसऱ्याच्या नावावरचा होम रन

केस्लर फॉल्स, आयोवा
९ जून १९९१, रविवार

लाइल,

हे पत्र फाडू नकोस. माझा नवरा, मर्ल, म्हणतो, पाकिटावरचं माझं अक्षर दिसलं की तू ते थेट फेरीबोटीवरून समुद्रात सोडत असशील. सोड खुशाल, पण आधी वाच. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मला तुझी कशावर सहीही नकोय.

लाइल, मला बाबांचं कार्ड सापडलं!

थांब. नीट सांगते. नाहीतर म्हणशील, शाळेची बस चालवून चालवून हिच्या डोक्याचे नटबोल्ट ढिले झाले.

काल सीडर रॅपिड्सला बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांचा बाजार होता. मोटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, टेबलावर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांवर वाकलेली आमच्यासारखी वेडी माणसं. हो, मी कार्डं जमवते. तुला माहीत असायचं कारण नाही. मोठमोठ्या खेळाडूंची चकचकीत कार्डं मला नको असतात. मी जमवते ती टेव्हिस बेकरीची, १९५३ची. त्या एकाच उन्हाळ्यात पावाच्या वेष्टणात घातलेली, आपल्याच गावच्या मिलर्स संघाची. कोपऱ्यांना अजून लोण्याचे डाग. बाबा गेल्यावर लागलेला नाद आहे हा. का लागला, ते तूच ओळख.

आणि नुसती कार्डं जमवून माझं भागत नाही. त्या माणसांचं पुढे काय झालं ते मला हवं असतं. बाबांच्या गोष्टींतला पहिल्या बेसवरचा डच ल्युबेन आठवतो? तो खरंच वरच्या लीगपर्यंत पोचला. अख्खा सप्टेंबर बाकावर बसून राहिला आणि एकदाही बॅट हातात न घेता घरी आला. आता मधमाश्या पाळतो. मला बरणी पाठवली त्याने. डावखुरा पर्सी ओडेल खांदा गेला तसा पाद्री झाला. ज्या हाताने फलंदाजांना घाबरवायचा, त्याच हाताने आता नरकाकडे बोट दाखवतो. मी सगळ्यांना पत्रं लिहिते. सगळे उत्तर देतात. सख्खा भाऊ सोडून सगळे.

तर माझ्याकडे एकच कार्ड नव्हतं. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचं, एमेट टुलीचं. काल एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या बुटांच्या खोक्यात, भलत्याच कार्डांत दडून बसलेलं दिसलं. नाव वाचलं आणि अशी किंचाळले की शेजारच्या माणसाची कॉफी सांडली. मग चेहरा बघितला आणि किंचाळणंही बंद झालं.

डोक्यावर सरकवलेला मुखवटा, गुडघ्यावर टेकवलेला मिट, तो जाड हातमोजा, आणि डावा कान, लाइल! वरचा तुकडा नसलेला. आजोबांच्या खेचराने तोडलेला. शिवाय ते हसू बघ, कुणी फोटो काढतोय म्हटल्यावर दात लपवणारं. खाली छापलंय एमेट टुली, पण चेहरा हर्लन ब्रेमरचा. आपल्या बाबांचा, तेविशीतला.

विक्रेत्याने विचारलं, "काय झालं हो बाई, बरं नाही का?"

मी म्हटलं, "हे माझे वडील आहेत."

"खाली टुली लिहिलंय."

"लिहू दे. जे लिहिलेलं नव्हतं त्यावरून आमचं घर फुटलं. आता लिहिलेलं खोटं निघालं तर निघू दे."

त्याला काही कळलं नाही. तुला कळेल.

सोबत फोटोकॉपी. मूळ कार्ड माझ्या कपाटात आहे आणि मी ते दर तासाला उघडून बघते.

व्हर्ना

---

२३ जून १९९१

लाइल,

उत्तर नाही. ठीक. तू तुझी बोट हाक, मी माझं हाकते.

मी टुलीला शोधून काढलं! जिवंत आहे, ओटम्वात राहतो, अजून न्हाव्याचं दुकान चालवतो. पत्ता वेस किंकॅननने दिला. संघातला शॉर्टस्टॉप होता तो, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला. मी फोनवर विचारलं, "त्या कार्डावरचा माणूस कोण?" तर इतका हसला की खोकल्याची उबळ आली. म्हणाला, "बाई, ते एमेटच्याच तोंडून ऐका. आम्ही सगळ्यांनी शब्द दिलाय." कसला शब्द, ते काही सांगेना.

मग मी थांबते होय? ॲपल पाय केला, मर्लला ट्रकमध्ये कोंबलं आणि ओटम्वा गाठलं.

दुकानात खुर्चीसमोर आरसा आणि आरशाच्या वर काचेच्या पेटीत एक चेंडू. खाली पितळी पाटी: रेडफील्डविरुद्ध होम रन, १९५३. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक मला सांगायला लागलं, "आमच्या होम रन टुलींनी मारलाय तो. कुंपणावरून, रेल्वेच्या रुळांवरून पार पलीकडे." टुली कात्री चालवत मान खाली घालून हसत होते. उंच, वाळका माणूस, भुवया सशाच्या शेपटीसारख्या. दोन्ही कान शाबूत.

मी कार्ड पुढे धरलं.

"हा मीच," ते म्हणाले. लगेच. बघितलं न बघितल्यासारखं करून.

"मिस्टर टुली, ह्याचा कान बघा."

"छपाई खराब असायची तेव्हा."

"छपाईने कान खाल्ला?"

गिऱ्हाईक हसलं. टुली हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, ॲपल पाय घेऊन आलीस, आभारी आहे. पण मी कामात आहे."

"माझं नाव व्हर्ना. हर्लन ब्रेमरची मुलगी."

लाइल, त्यांच्या हातातली कात्री थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली, फडका झटकला आणि म्हणाले, "ह्या नावाचं आमच्या संघात कुणी नव्हतं."

अगदी हेच. सतरा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तू जे बोललास, त्याचाही अर्थ हाच. मला तू दिसलास बघ, वाचनालयातून उतरवून आणलेले कागद टर्कीच्या ताटाशेजारी आपटणारा. "त्रेपन्न सालचं एकूण एक वर्तमानपत्र वाचलं. तुमचं नाव एकाही ओळीत नाही. मला रोज पहाटे उठवून चेंडू फेकायला लावलंत, मी मिलर्सकडून खेळलो, मी मिलर्सकडून खेळलो म्हणत. खोटारडे आहात तुम्ही." आणि बाबा काय म्हणाले? काहीच नाही. तुझा राग त्याचाच होता ना, की ते काहीच म्हणाले नाहीत? माझाही होता. तुझ्यावर नाही, त्यांच्यावर. पण मी ताटं उचलली आणि तू कोट उचललास.

निघताना टुलींची बायको दारापर्यंत आली. आयव्ही नाव. रिकामी ताटली माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "त्याच्यावर रागावू नका. तो खोटं बोलणारा माणूस नाही. एकच बोललाय, आणि तेसुद्धा माझ्यापायी."

मर्ल ट्रकमध्ये म्हणतो, "झालं! आता ही जेवणार नाही, झोपणार नाही." बरोबर ओळखलंय त्याने.

व्हर्ना

---

११ जुलै १९९१

लाइल! लाइल! लाइल!

तुझं पोस्टकार्ड आणि टुली दोघं एकाच दिवशी दारात! आधी तुझं. एवढ्या वर्षांनी एक ओळ, तीही "कान बाबांचाच. पण कान म्हणजे खेळले असं नाही." अरे खडूस माणसा! तरी मी ते फ्रीजवर लावलंय. आणि आता बस. उभा असशील तर बस.

दुपारी मी घेवडा निवडत होते. जुनी ब्यूइक गाडी दारात थांबली. आयव्हीने नवऱ्याला जवळजवळ ढकलतच पायऱ्या चढवल्या. टुलींनी टोपी काढली, बसले, लिंबाचं सरबत घेतलं आणि ग्लास हातातच धरून राहिले.

आयव्ही म्हणाली, "बोल, एमेट."

"बोलतोय ना."

"तू ग्लासशी बोलतोयस. तिच्याशी बोल."

मग ते बोलले. त्यांच्याच शब्दांत सांगते, जमेल तसं.

"तुझे वडील वसंतात निवड-चाचणीला आले होते. घेतलं नाही त्यांना. हात चांगला, पाय जड. पण आमचा मॅनेजर टोबायस क्रेन म्हणाला, मैदान झाडशील का, चेंडू फेकणाऱ्या पिचरांचा सराव घेशील का? हर्लन म्हणाला, घेईन. असा तो आमच्यातला झाला. नाव कुठे नाही, पगार झाडूवाल्याचा, पण गुडघे फुटेस्तोवर आमचे चेंडू झेलायचा.

"जुलैत आयव्हीचा निरोप आला. तिच्या बापाला आमचं कळलं होतं. तो तिला नेब्रास्काला आत्याकडे पाठवणार होता, तिथे कुणी धान्यवाला तिच्यासाठी बघून ठेवलेला. मी क्रेनकडे रजा मागितली. क्रेन म्हणाला, मालकाला कळलं तर तुला काढेल, आणि दुसरा कॅचर माझ्याकडे नाही. संघ दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघायचा होता. हर्लन मैदान झाडत होता, त्याने ऐकलं. झाडू भिंतीला लावून म्हणाला, 'एमेट, तुझा शर्ट मला दे. परगावात तुझं थोबाड कोण ओळखतंय? जा, तिला घेऊन ये.'

"मी गेलो. तो माझा शर्ट घालून बसपाशी आला, तर तिथे बेकरीचा फोटोवाला उभा. त्याने नावं पुकारायला सुरुवात केली. 'टुली!' सगळे हर्लनकडे बघायला लागले. काय करणार? गेला, बसला, हसला. दात लपवून."

लाइल, इथे मी हातातला घेवडा सांडला.

"क्रेनने सगळ्यांकडून शब्द घेतला, बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, आणि दौराभर तो एमेट टुली होता. पेपरात तारेने निकाल यायचे, टुलीने इतके मारले, टुलीने तितके झेलले. मी आयव्हीशी कोर्टात लग्न लावून परत आलो, तर माझी आकडेवारी मी सोडून गेलो होतो त्यापेक्षा बरी झालेली! आणि रेडफील्डला…"

आयव्हीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांगून टाक."

"रेडफील्डला शेवटच्या डावात त्याने चेंडू कुंपणावरून, रुळांवरून पार घालवला. कुणीतरी तो शोधून आणून दिला. बस परतली तेव्हा हर्लनने तो माझ्या हातात ठेवला. म्हणाला, 'घे, तुझा होम रन. लग्नाचा आहेर.' पोरी, मी तीन वर्षं खेळलो. स्वतःचा एकही होम रन मला मारता आला नाही. त्या एका फटक्यावर मी आयुष्यभर लोकांचे केस कापलेत."

म्हणजे बाबा खेळले होते! वर्तमानपत्राच्या ओळीओळीत होते, लाइल! तू वाचलंस ना एकूण एक वर्तमानपत्र? मग तू तो होम रन वाचलायस. बाबांचाच वाचलायस, आणि मग घरी येऊन त्यांना खोटारडे म्हणालास. तुझा दोष नाही. तुला कसं कळणार?

मी विचारलं, "मग बाबा आम्हाला बोलले का नाहीत? क्रेन तर कधीच वारला. तुमचा खेळ संपला. कोण शिक्षा करणार होतं?"

टुलींनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघून म्हणाले, "तो आला होता. चौऱ्याहत्तर साली, डिसेंबरात. खुर्चीत बसला, केस कापून घेतले. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, 'एमेट, माझ्या पोराला वाटतं मी खोटं बोलतो. त्याला सांगू का?' बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. वर चेंडू. माझी पोरं तेव्हा शाळेत सगळ्यांना सांगायची, आमचे बाबा होम रन टुली. मी म्हणालो, 'हर्लन, तू शब्द दिलायस.' तो म्हणाला, 'हो, दिलाय खरा.' मानेवरचे केस झटकले आणि गेला. परत कधी आला नाही."

मर्लने उठून गॅसवर पाणी ठेवलं.

आईला सगळं माहीत असणार, पण ती तोवर गेलेली. बाबांनी एकट्याने गिळलं. तू गेलास, ख्रिसमसला ते तुझी ताटली मांडायचे, आणि एक वाक्य बोलले असते तर तू परत आला असतास, पण ते वाक्य त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलेलं होतं.

मी टुलींवर ओरडले, खोटं कशाला सांगू. भरपूर ओरडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आयव्ही रडायला लागली, मग मी, मग तो वाळका म्हातारा. शेवटी मर्लने कणसं उकडली आणि सगळ्यांनी खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. ३ ऑगस्टला मिलर्सच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे, आपल्याच मैदानावर. टुली म्हणतात, "मी तिथे सगळ्यांसमोर बोलेन. आणि तो चेंडू हर्लनच्या मुलाच्या हातात देईन." मी म्हटलं, मीही त्यांचीच आहे, माझे हात काय मोडलेत? तर म्हणाले, "तुझा विश्वास नव्हता मोडला, पोरी. त्याचा मोडला, तो मी मोडला."

लाइल, ये. बाबांच्या अंत्यविधीला आला नाहीस, मी कुणाला काही बोलू दिलं नाही. पण ह्याला आला नाहीस तर मी स्वतः ॲनाकोर्टिसला, तुझ्या धक्क्यावर येईन, बस घेऊन. पिवळी. तुझ्या बोटीवर चढवेन.

व्हर्ना

---

२९ जुलै १९९१

लाइल,

तुझा फोन लागत नाही. बोटीच्या कचेरीतली बाई म्हणते, तू रजेवर आहेस. कुठे, ते तिला माहीत नाही.

टुली काल रडवेले होऊन फोनवर म्हणाले, "नातवंडांना सांगितलं. धाकटीने विचारलं, म्हणजे आजोबा, तुम्ही आता नुसतेच टुली?" मी म्हटलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" तर म्हणाले, "म्हटलं, हो गं, नुसताच. सवय व्हायला वेळ लागेल."

हा माणूस मला आवडायला लागलाय. आणि आवडतो ह्याचाच मला राग येतो.

हे पत्र तुझ्या पत्त्यावर टाकतेय, तू तिथे नसावास म्हणून देवाला विनवून.

व्हर्ना

---

४ ऑगस्ट १९९१, रविवार

लाइल,

तू सकाळी मर्लचा ट्रक घेऊन स्मशानभूमीत गेलास. मी स्वयंपाकघरात बसून तुलाच पत्र लिहितेय. मर्ल म्हणतो, तो येईल तेव्हा तोंडानेच सांग की. पण मला तुझ्याशी कागदावर बोलायची सवय झालीय, आणि तोंडाने सांगायला गेले तर मी रडेन आणि तू छताकडे बघशील. तुझ्या पिशवीत घालून ठेवते. बोटीवर वाच.

काल तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तू उशिरा आलास. मला वाटलं, येतच नाही. टुली माइकपाशी गेले तेव्हा मी शंभरदा फाटकाकडे बघितलं होतं. त्यांच्या हातातली ती काचेची पेटी आयव्हीने पुसून लख्ख केलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "होम रन! होम रन!" त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मंडळी, टाळ्या जरा राखून ठेवा. त्या माझ्या नाहीत."

तेवढ्यात तू दिसलास. तिसऱ्या बेसच्या मागे, जाळीला बोटं अडकवून उभा. मला वाटलं होतं ओळखणार नाही. केस पांढरे झालेत तुझे! पण तू बाबांसारखाच एका पायावर भार टाकून उभा होतास. मी मर्लचा हात इतका दाबला की त्याचा आज निळा आहे.

टुली बोलत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, तुझ्याकडे बघत होते. झाडू, शर्ट, फोटोवाला. लोक हसत होते, तू नाही. रेडफील्ड आलं तेव्हा तू जाळीवर कपाळ टेकलंस. आणि न्हाव्याची खुर्ची आली, "तू शब्द दिलायस" आलं, तेव्हा तू पाठ फिरवलीस. मी म्हटलं, संपलं. हा चालला. पुन्हा चालला.

पण तू गेला नाहीस. तू डोळे पुसत होतास.

मागून किंकॅनन ओरडला, त्या खोकल्याच्या आवाजात, "हर्लन ब्रेमर! कॅचर!" मग पर्सी ओडेल, चर्चमधला आवाज लावून. मग सगळेच. लाइल, आपल्या बाबांचं नाव त्या मैदानावर अख्ख्या गावाने पुकारलं, ज्या मैदानावर ते झाडू मारायचे. मी अशी ओरडले की माझा घसा अजून बसलेला आहे.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू मैदानात आलास. टुलींनी पेटी पुढे धरली, तू उघडलीस. काय बोललात ते कुणाला ऐकू आलं नाही. आयव्हीने मात्र ऐकलं. तिने मला सांगितलं आणि मी तिच्या गळ्यात पडले. टुली म्हणाले, "मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही." तू म्हणालास, "मी त्यांना खोटारडे म्हणालो, तुम्ही त्यांना गप्प केलंत. आपण दोघं एकाच बाकावर बसतो, मिस्टर टुली."

आणि नंतरचा वेडेपणा! तो म्हातारा म्हणतो काय, "ऐकलंय तू फेकायचास. टाक एक." कुणीतरी मिट दिला, ते उकिडवे बसले, आयव्ही किंचाळली, "एमेट, गुडघे!" आणि तू, वीस वर्षांचा असल्यापासून चेंडूला हात न लावलेला माणूस, कोट काढून चेंडू असा फेकलास! थेट मिटमध्ये! फट्ट असा आवाज झाला की कबुतरं उडाली. टुली मागच्या मागे पडले ते उठेचनात, हसून हसून. तिघांनी उचललं त्यांना.

आज सकाळी तू चेंडू खिशात घातलास आणि म्हणालास, "बाबांना दाखवून आणतो. मग ओटम्वाला परत देऊन येऊ. भिंत रिकामी दिसेल त्यांची." पाटी मात्र नवी करायची. त्यावर काय लिहायचं ते मी आणि आयव्हीने ठरवलंय, तुम्हा दोघांना विचारणार नाही.

आता दुपार झालीय. पॅनकेक गार झाले. मर्ल तीनदा दाराशी जाऊन आला. म्हणतो, "स्मशानभूमी तर ही इथे, कोपऱ्यावर. जाऊन बघू का, ट्रक बंद पडला असेल."

मी म्हटलं, "बस तू. सतरा वर्षांचं बोलायचं राहिलंय त्यांचं. बोलू दे."